निमित्त नसलेला आठवडा

फाल्गुन शुद्ध प्रतिपदेनंतरचा आठवडा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत जवळजवळ कोराच असतो. महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीला होऊन गेलेली असते, होळी पौर्णिमेला यायची असते. मध्ये एखादी विनायकी चतुर्थी, बाकी चौकोन रिकामे. पौर्णिमा उलटली की मात्र धूलिवंदन, तुकाराम बीज, रंगपंचमी, नाथषष्ठी अशी रांगच लागते. शास्त्राच्या हिशोबाने फाल्गुन अजून शिशिरातच मोडतो आणि वसंत चैत्रापासून मोजतात. रानातल्या झाडांचा हिशोब वेगळा असतो. पळस फुललेला असतो, आंब्याचा मोहोर वाटाण्याएवढ्या कैऱ्या धरू लागतो, पहाटे पांघरूण लागते आणि दुपारी चप्पल घातल्याशिवाय अंगणात पाय ठेववत नाही. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात शाळू काढणीला आलेला असतो. या दिवसांत कोणी नवस फेडत नाही, गावात पाहुणे येत नाहीत, पुरणावरणाचा घाट नसतो. सगळे जण आपापल्या कामात असतात.

अशा दिवसांचे धर्मात स्थान काय, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. तीर्थ, व्रत, उत्सव यांच्यावर ग्रंथांचे ग्रंथ लिहिले गेले, मग ज्या दिवशी यांतले काहीच नसते तो दिवस धर्माबाहेरचा धरायचा का? भारतीय परंपरेने या प्रश्नाचा विचार फार बारकाईने केला आहे आणि त्याचे उत्तर उत्सवांच्या माहात्म्यापेक्षा अधिक खोल आहे.

मीमांसकांनी कर्माचे तीन प्रकार मानले. काही हवे म्हणून केले जाते ते काम्य: पाऊस पडावा, मूल व्हावे, स्वर्ग मिळावा. काही घडले म्हणून करावे लागते ते नैमित्तिक: ग्रहण लागले, घरात जन्म झाला, कोणी गेले. आणि जे रोज करायचे ते नित्य. नित्यकर्माचे ठळक उदाहरण म्हणजे अग्निहोत्र. सकाळ-संध्याकाळ अग्नीत आहुती द्यायची, जिवात जीव आहे तोवर. जैमिनीच्या सूत्रांवरील शबरस्वामींच्या भाष्यात या ‘जिवात जीव आहे तोवर’ची चर्चा येते आणि तिचा निष्कर्ष मोठा विलक्षण आहे. नित्यकर्मालाही एक निमित्त असते, पण ते ग्रहणासारखे बाहेरून येत नाही. कर्ता जिवंत आहे, एवढेच त्याचे निमित्त. फाल्गुनातला कोरा मंगळवार या दृष्टीने कोरा नसतोच. त्या दिवशी माणूस जागा झाला, एवढे कारण पुरते.

मग नित्यकर्माचे फळ काय? इथे मीमांसकांत फूट पडली. सातव्या शतकाच्या सुमारास कुमारिल भट्टांच्या परंपरेने सांगितले की नित्यकर्माने पाप क्षीण होते आणि ते चुकवले तर प्रत्यवाय, म्हणजे दोष लागतो. हे टळणे हाच लाभ. प्रभाकरांच्या परंपरेला एवढाही हिशोब मान्य नव्हता. विधी सांगितला आहे, कर्त्याला तो आपल्याला उद्देशून आहे हे कळले आहे, तेवढ्याने तो प्रवृत्त होतो; फळाचे आमिष मध्ये आणण्याची गरज नाही, असे त्यांचे म्हणणे. पुढे शंकराचार्यांनी गीताभाष्यात प्रत्यवायाच्या कल्पनेवरच बोट ठेवले. न करणे हा अभाव आहे. अभावातून दोषासारखी खरीखुरी वस्तू उत्पन्न कशी होणार? त्यांच्या मते नित्यकर्माचा उपयोग चित्त शुद्ध होण्यापुरता आहे आणि ज्ञान झाल्यावर ते गळून पडते.

या तीन उत्तरांत प्रभाकरांचे उत्तर सर्वांत धीट आहे आणि मराठी घरांतून प्रत्यक्षात तेच वावरते. तिन्हीसांजेला देवापाशी दिवा का लावायचा, असे नातवाने विचारले की आजी म्हणते, “लावायचा असतो.” लक्ष्मी येते वगैरे पुढचे स्पष्टीकरण मुलाने फारच पिच्छा पुरवला तर येते. ‘लावायचा असतो’, ‘दिवेलागणीला केर काढायचा नसतो’, ‘पानातले टाकायचे नसते’. मराठी क्रियापदाच्या या रूपात आज्ञा करणारा कोणी दिसत नाही, फळ दिसत नाही, धमकीही दिसत नाही. केवळ कर्तव्य उरते. प्रभाकरांच्या अनुयायांनी ज्या गोष्टीसाठी पानेच्या पाने खर्ची घातली ती या भाषेने एका ‘असतो’मध्ये बसवली आहे.

नित्यकर्म कशासाठी, याचे आणखी एक उत्तर धर्मशास्त्रात आहे. ते तर्काच्या वाटेने येत नाही, स्वयंपाकघरातून येते. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातली पाच हिंसास्थाने सांगितली आहेत. त्यांना पंचसूना म्हणतात. चूल, दळण्या-वाटण्याचे दगड, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. यांतली एकही वस्तू शस्त्र नाही. पण लाकडाबरोबर चुलीत मुंग्या जातात, जात्याच्या पाळूत किडे भरडतात, केरसुणीखाली कोळ्याचे जाळे मोडते, कांडताना धान्यातले टोके चिरडतात, घड्यात जीव बुडून मरतात. कोणाचे वाईट चिंतले नाही, कोणाशी भांडण केले नाही, नुसते चार माणसांचे जेवण रांधले, तरी घर या पाच ठिकाणी दुसऱ्याच्या जिवावर उभे असते. मोठे पाप घडल्यावर प्रायश्चित्त सांगणारी शास्त्रे जगात पुष्कळ आहेत. निष्पाप दिसणाऱ्या साध्या दिवसालाही देणे चुकत नाही, हे इतक्या जवळून पाहणारी दृष्टी दुर्मीळ आहे.

या देण्याची फेड म्हणून पाच महायज्ञ सांगितले. नाव मोठे असले तरी कृती अगदी लहान आहेत. अध्ययन-अध्यापन हा ब्रह्मयज्ञ, पितरांना पाणी हा पितृयज्ञ, अग्नीत आहुती हा देवयज्ञ, प्राण्यांसाठी घास काढून ठेवणे हा भूतयज्ञ, दारी आलेल्याला जेवू घालणे हा मनुष्ययज्ञ. पाचांपैकी दोन तर सरळसरळ दुसऱ्याच्या पोटाचे आहेत. हिंसा पाच ठिकाणी होते, म्हणून त्या पाच जागा टाकून द्या, असे शास्त्र म्हणत नाही. संन्याशाला तो मार्ग मोकळा आहे, संसारी माणसाला नाही. चूल पेटणारच, म्हणून चुलीतून निघालेल्या पहिल्या भाकरीचा तुकडा गाईला. आहुती आणि घास काढण्याचा हा रोजचा विधी, म्हणजे वैश्वदेव, बहुतेक घरांतून गेला, पण गोग्रास, कावळ्याचा घास, पानाभोवती फिरवलेले पाणी या रूपांत त्याचे अवशेष अजून सापडतात. जात्याची जागा मिक्सरने घेतली आणि चुलीची गॅसने, तरी पंचसूनेमागचा विचार जुना झालेला नाही. आता हिंसेची जागा स्वयंपाकघरापासून दूर शेतावर, धरणावर, खाणीवर गेली आहे, एवढाच फरक.

फाल्गुनातल्या अशा एखाद्या सकाळी देवघरात काय घडते ते पाहावे. ताम्हनात पितळी देव उतरवलेले असतात. कालचे गंध बोटाने चोळून काढले जाते. बाळकृष्णाच्या गुडघ्याच्या खोबणीत ते हमखास अडकून राहते आणि तिथे वस्त्राचे टोक फिरवावे लागते. सहाणेवर खोडाचे दोन-चार वेढे होतात. फुले बेताचीच असतात, कारण शेवंतीचा बहर सरत आलेला असतो आणि मोगऱ्याचा अजून सुरू व्हायचा असतो; दारच्या जास्वंदीवर भागवले जाते. नैवेद्याला वेगळे काही नसते. सोलाण्याची आमटी झाली असेल तर सोलाण्याची आमटी. सणाच्या दिवशी देवाच्या पानासाठी स्वयंपाक होतो, इतर दिवशी घरात शिजले त्यात देवाचे पान बसते. या दुसऱ्या व्यवहारात जवळीक अधिक आहे.

देवालाही साधा दिवस असतो, ही कल्पना पंढरपुरात अगदी रेखीवपणे पाहायला मिळते. विठ्ठलाचे नित्योपचार ठरलेले आहेत: पहाटे काकडा आणि नित्यपूजा, दुपारी महानैवेद्य, नंतर पोशाख, संध्याकाळी धूपारती, रात्री शेजारती. वसंत पंचमीपासून रंगपंचमीपर्यंत देवाच्या अंगावर पांढरा पोशाख असतो आणि त्यावर रंग उधळला जातो. गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्र लागेपर्यंत उन्हाळा सोसावा म्हणून चंदनाची उटी लावतात. पण सर्वांत बोलका भाग यात्रेचा आहे. आषाढी-कार्तिकीला देवाचा पलंग काढतात, म्हणजे देव रात्रंदिवस उभाच असतो, बहुतेक नित्योपचार थांबतात आणि दर्शन अखंड चालते. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते. देवाला स्नान घालतात, शिणवटा जावा म्हणून काढा देतात आणि पलंग पुन्हा आत येतो. त्या रात्री देव झोपतो. वारकऱ्यांच्या लेखी आषाढीएवढा मोठा दिवस दुसरा नाही. तरीही त्या दिवसाने देव शिणतो आणि नित्यक्रमाने त्याला विसावा मिळतो, अशी ही मांडणी आहे. उत्सव साध्या दिवसांच्या आधारावर उभा राहतो, हे तत्त्व इथे ग्रंथात न लिहिता पलंगाच्या ये-जा करण्यातून सांगितले आहे.

आठवड्याच्या वारांना मिळालेले देव हा तुलनेने अलीकडचा थर आहे. वैदिक वाङ्मयात तिथी आणि नक्षत्रे आहेत, सात वार नाहीत. ग्रहांच्या नावांचे वार भारतात ग्रीक-रोमन ज्योतिषाच्या संपर्कातून रुळले. मध्य प्रदेशातल्या एरण इथल्या बुधगुप्ताच्या स्तंभलेखात, म्हणजे इ.स. ४८४ मध्ये, वाराचा स्पष्ट उल्लेख येतो. पुढे महाराष्ट्राने सोमवार महादेवाला, बुधवार विठोबाला, गुरुवार दत्ताला, शनिवार मारुतीला, रविवार खंडोबाला दिला आणि परक्या मापाचा आठवडा पुरता घरचा करून टाकला. ज्या आठवड्यात सण नाही, त्यालाही त्यामुळे रोजचा एक धनी मिळाला.

नित्यकर्माच्या विचाराला सर्वांत मोठे वळण दिले ते संतांनी. अग्निहोत्र आणि वेदाध्ययन यांचा अधिकार मूठभरांना होता; बाकीच्यांच्या दिवसाला शास्त्राने यज्ञाचे नाव दिलेच नव्हते. शके १२१२, म्हणजे इ.स. १२९० मध्ये पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायात स्वधर्माचे आचरण हाच नित्ययज्ञ ठरतो आणि अठराव्या अध्यायात स्वतःचे कर्म हेच देवाला वाहायचे फूल होते. अरणच्या सावता माळ्यांनी तो विचार मळ्यात नेला. कांदा, मुळा, भाजी यांतच त्यांना विठाई दिसली आणि वारीला न जाता त्यांनी मळ्यातच देव गाठला, अशी परंपरेची श्रद्धा आहे. तेरचे गोरोबा माती तुडवताना, नरहरी सोनारकाम करताना, सेना न्हावी धोपटी उघडताना नाम घेत. या सर्वांच्या अभंगांतून धंद्याची हत्यारे जशीच्या तशी येतात. उपमेपुरती नव्हेत, तीच त्यांची पूजेची उपकरणी आहेत.

जनाबाईंचे अभंग त्याही पुढे जातात. गंगाखेडच्या जनाबाई पंढरपुरात नामदेवांच्या घरी दासी होत्या. त्यांच्या अभंगांत विठ्ठल त्यांच्याबरोबर दळू लागतो, शेणी वेचतो, पाणी भरतो. इतरांनी कामातून देवाकडे जाण्याची वाट दाखवली. इथे देवच कामात उतरतो आणि खुंट्याला हात लावतो. जिने दिवसभर दुसऱ्याच्या घरचे ओझे वाहिले तिच्या दृष्टीने पूजेपेक्षा मदत मोठी, हे त्यातून कळते. पुढे शतकानुशतके खेड्यापाड्यांतल्या बायांनी पहाटे जात्यावर बसून ओव्या रचल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने अशा एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. त्यांत विठ्ठल, माहेर, भाऊ, सासुरवास आणि कष्ट एकाच दळणात येतात. तत्त्वज्ञानाच्या इतिहासात या ओव्यांना जागा दिली जात नाही. ती मिळायला हवी.

काम आणि पूजा एकच, असे म्हणून टाकणे सोपे आहे. पण रोज दळणारी प्रत्येक बाई जनाबाई होत नाही. मग फरक कशाने पडतो? या प्रश्नाला आधुनिक काळात सर्वांत स्वच्छ उत्तर विनोबांनी दिले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी ते गीतेच्या एकेका अध्यायावर बोलले आणि साने गुरुजींनी ती प्रवचने लिहून घेतली. चौथ्या अध्यायाचा रविवार १३ मार्चला आला. तो फाल्गुनाचा शुद्ध पक्ष होता, शिवरात्र आणि होळी यांच्या मधला, आणि ऐकणाऱ्यांचा तर प्रत्येक दिवस आदल्या दिवसासारखाच होता. त्या प्रवचनात विनोबांनी कर्म, विकर्म आणि अकर्म यांचा उलगडा केला. कर्म म्हणजे बाहेरची कृती. विकर्म म्हणजे त्या कृतीच्या जोडीला मनाने आत केलेले काम. ‘निषिद्ध कर्म’ हा रूढ अर्थ सोडून त्यांनी हा अर्थ घेतला. दोन्ही जुळली की कृतीचे ओझे वाटेनासे होते, ते अकर्म. नुसते कर्म यंत्रवत होते आणि नुसता भाव हवेत राहतो. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहून १९१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गीतारहस्यात लोकसंग्रहासाठी कर्म करण्यावर भर होता. विनोबांनी तोच प्रश्न झाडू आणि टकळी यांच्यापर्यंत खाली आणला.

पण या सबंध विचाराला एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. काम हीच पूजा, हे ज्याने काम निवडले त्याच्या तोंडी शोभते. ज्याच्यावर ते जन्माने लादले आहे त्याला हेच वाक्य बेडीसारखे होते. मंगळवेढ्याच्या चोखामेळ्यांची भक्ती कोणाहून कमी नव्हती. मेलेली ढोरे ओढणे हे त्यांच्या वाट्याला आलेले काम होते आणि देवळाची पायरी त्यांना बंद होती. परंपरेनुसार शके १२६०, म्हणजे इ.स. १३३८ मध्ये मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळून ते तिच्याखाली सापडले. वेठीचे काम करतानाच त्यांचा अंत झाला. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. कर्माला फूल म्हणणाऱ्या परंपरेने हे फूल दाराबाहेरच ठेवून घेतले. चोखोबांनी आपल्या अभंगांतून देवाला याचा जाब विचारला आहे आणि त्या प्रश्नाला त्यांच्या हयातीत उत्तर मिळाले नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे जाहीर दहन घडवून आणले आणि १९३६ च्या जातिनिर्मूलनावरील निबंधात जन्मावर बांधलेल्या धंद्याची व्यवस्था मुळापासून तपासली. माणसाची आवड आणि कुवत न पाहता त्याला कामाला जुंपले तर त्या कामात त्याचे मन राहत नाही, हा त्यांच्या युक्तिवादातला एक धागा. विनोबांच्या विकर्माशी तो ताडून पाहण्यासारखा आहे: आत मन नसेल तर कर्म ओझेच राहणार, आणि मन नसण्याची व्यवस्था समाजानेच केलेली असेल तर कर्त्याला उपदेश करून काय होणार? हाच प्रश्न घरातल्या बाईच्या बाबतीतही उभा राहतो. नित्यकर्माची सारी कल्पना जिच्या हातांवर चालली, तिला त्या कर्मातून सुट्टी कधी, याचा विचार धर्मशास्त्राने क्वचितच केला. तुरुंगात विनोबांची प्रवचने टिपून घेणाऱ्या साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केले आणि ते दार उघडले. तोवर चोखोबांना जाऊन सहाशे नऊ वर्षे झाली होती.

नित्यकर्म न्यायाचे आहे की नाही हे ओळखण्याची एक खूण मात्र परंपरेच्या पोटातच आहे, आणि ती ज्या ग्रंथाने माणसांची उतरंड रचली त्याच ग्रंथात सापडते, ही गोष्ट विचारात पाडणारी आहे. पंचमहायज्ञांच्या प्रकरणातच जेवणाचा क्रम येतो. नव्या सुना, मुली, आजारी माणसे आणि गर्भवती यांना पाहुण्यांच्याही आधी वाढावे. मग पाहुणे, आप्त आणि चाकर. घरधनी आणि घरधनीण यांनी सर्वांत शेवटी उरलेले खावे. प्रत्यक्षात घराघरांत घरधनी पहिल्या पंगतीला बसत आला आणि घरधनीण तेवढी शेवटी उरली. चाकराच्या ताटाची गोष्टच नको. ग्रंथाच्या नावावर लोकांनी उतरंड जपली आणि हा क्रम विसरून गेले. दिवसभराच्या कामाला यज्ञ म्हणायचे असेल तर ज्याच्या हातून ते काम झाले तो आधी जेवला पाहिजे, एवढी साधी अट तिथे घातलेली आहे.

शाळूच्या खळ्यावर या अटीचे काही अवशेष टिकून होते. काढणीला आलेल्या बायांना मजुरी पैशांत न देता ज्वारीत देत आणि रास घरी जाण्यापूर्वी बलुतेदारांचे वाटे खळ्यावरच पडत. त्या वाट्यांतही जातीचा चढ-उतार होताच. हल्ली मळणी यंत्राने होते, पोती काट्यावर चढतात आणि मजुरी रोख जाते. तरी जुनी माणसे अजून राशीला हळद-कुंकू वाहतात, नारळ फोडतात आणि मग मापाला हात घालतात. पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. ते माप ओतून होते आणि मापारी पुढचे भरताना म्हणतो, “दोन.”